काखेतली उसवण

पापाची तिकटी म्हणतात आमच्या चौकाला.
नाव कशावरून पडलं,
चाळीस वर्षं दुकान चालवून कधी विचारलं नाही.
आता विचारायला भीती वाटते.

माझ्या शटरला लागून बाबालाल शिकलगाराचं शटर.
त्याचा दगड फिरायचा, माझं मशीन फिरायचं,
दोन्ही आवाज मिळून जे व्हायचं
त्याला आम्ही दुपार म्हणायचो.
माझ्या कात्रीला धार त्याची.
त्याच्या नातवाच्या ईदचा कुडता माझा.
तालमीत पंजे बसले की हिरवं कापड मी शिवायचो,
गणपती बसला की मखराचा पडदा मीच.
एका वर्षी दोन्ही एकदम आले.
एकाच बैठकीत दोन्ही शिवले,
दोरा तेवढा बदलला.

यालाच मी माझा धर्म समजत होतो.
फुकटचा होता.
तोवर कुणी त्याचे पैसे मागितले नव्हते.

बंदच्या दिवशी अकराच्या सुमाराला
महाद्वार रोडकडनं घोषणा आल्या.
मी शटर ओढलं, आत बसलो.
शटरच्या पट्टीला गंजून पडलेलं भोक आहे,
वाटाण्याएवढं.
त्यातनं एक हात वर जाताना दिसला.
चेहरा रुमालात होता.
पण बाही माझी होती.
कफाला अशी दुहेरी टीप
गल्लीत मी एकटाच मारतो.
आकाशी कापड, चौगल्यांच्या धाकट्याला
बहिणीच्या लग्नासाठी शिवलेलं.

मग काच.
मग बाबालालच्या वस्तऱ्यांचं कपाट, आडवं.
माझ्या हातात कात्री होती,
आदल्याच दिवशी त्यानं धार लावलेली.
अंबाबाई, म्हटलं,
आणि पुढचं वाक्य सुचेना.
त्याला वाचव म्हणणार होतो की मला,
ते अजून ठरलेलं नाही.

काही पाहिलंत का, फौजदारानं विचारलं.
साहेब, शटर खाली होतं.
एक शब्द खोटा नाही त्यात.
उभ्या आयुष्यात इतकं सफाईदार
मी काही शिवलं नाही.

तिसऱ्या दिवशी बाबालालनं काचा भरल्या,
दगड पुसला, आणि दारात येऊन म्हणाला,
कात्री दे की, बसून कट्टाळलोय.
धार आहे अजून, मी म्हटलं.
असू दे, म्हणाला. दे.

आज संध्याकाळी चौगल्यांचा पोरगा आला.
पिशवीत शर्ट.
काका, काखेत उसवलाय.

काखेत कसं उसवतं ते मला कळतं.
जेवताना नाही उसवत, वरातीत नाचतानाही नाही.
हात खांद्यामागे न्यावा लागतो,
अंगातला सगळा जोर घेऊन.
मुंढा मीच थोडा आवळ कापला होता.
रुबाबदार दिसावं पोरगं म्हणून.

पायंडलवरचा पाय काढला.
मी पाहिलं, म्हटलं.
आवाज माझाच, पण पहिल्यांदा मापाला दिल्यासारखा,
कुठं सैल, कुठं घट्ट.
काय काका?
भोकातनं. तुझी बाही.

तो गळ्यातल्या माझ्या टेपकडं बघत राहिला.
मिसरूड नीट फुटलेलं नाही अजून.
मला वाटलं होतं राग येईल, त्याचा किंवा माझा.
तसलं काही नाही.
त्यालाही भीती वाटत होती, एवढंच दिसलं,
आणि ती कापडासारखी ओळखीची होती,
एकाच ठाणातली.

शर्ट न घेताच गेला.

आता सात वाजलेत.
उलटा केलेला शर्ट टेबलावर आहे, टाका घातलेला नाही.
जुना राजवाडा पोलीस ठाणं इथनं चालत सात मिनिटं.
सकाळी कदाचित माझे पाय तिकडं वळतील,
कदाचित पुन्हा एखादं खरं वाक्य सापडेल मला
मागं लपायला.
मला मी इतकाच ठाऊक आहे.

पण त्याआधी शेजारी जायचंय.
दगड लागून बाबालालचं शटर वाकलंय,
अर्ध्यावरच अडतं.
वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.
गुडघे दुखतात माझे.

वाकतो.